वरणफळांचे इटालियन भावंड : चवळी-पास्ता सूप

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत सहकार्याने उभा राहिला आणि १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. रोजगारानिमित्त देशाच्या सर्व भागांतून आलेल्या कुटुंबांबरोबर त्यांची खाद्यसंस्कृतीही या नगरीत रुजली. मराठी घरांतील वरणफळे किंवा चकोल्या हा त्यातीलच एक पदार्थ. डाळीच्या वरणात कणकेचे तुकडे शिजवण्याची ही रीत इटलीतील ‘पास्ता ए फाजोली’ या शेतकरी कुटुंबांच्या सूपाशी विलक्षण साम्य राखते. तेथे डाळीऐवजी अख्खे कडधान्य असते आणि कणकेऐवजी पास्ता, एवढाच फरक.

चवळीचा जुना अधिकार

आज या सूपात प्रामुख्याने राजमावर्गीय घेवडा वापरला जातो. मात्र हा घेवडा मूळचा अमेरिका खंडातील असून तो सोळाव्या शतकात युरोपात पोहोचला. त्यापूर्वी इटलीत चवळी खाल्ली जात असे. त्यामुळे भिलाईतील गृहिणीने राजम्याऐवजी चवळी, म्हणजेच स्थानिक भाषेतील बरबटी, वापरली तर ती तडजोड ठरत नाही. चवळी लवकर शिजते आणि परसबागेतही सहज येते.

पोषणाचे गणित

छत्तीसगडच्या ताटात भाताचे प्रमाण मोठे आहे. तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर कडधान्यांत ते भरपूर असते. याउलट गंधकयुक्त अमिनो आम्ले कडधान्यांत कमी व तृणधान्यांत तुलनेने अधिक असतात. दोन्ही एकत्र आल्यास प्रथिनांची गुणवत्ता वाढते. टोमॅटो व लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते.

साहित्य (चार व्यक्तींसाठी)

चवळी १५० ग्रॅम, आखूड नळीचा पास्ता १०० ग्रॅम, टोमॅटो ३०० ग्रॅम, कांदा व गाजर प्रत्येकी १, लसणाच्या ५ पाकळ्या, तेल १ मोठा चमचा, शेवग्याचा कोवळा पाला (मुनगा भाजी) किंवा पालक २ मुठी, मीठ, मिरपूड आणि अर्धे लिंबू.

कृती

चवळी सहा तास भिजवून पाणी टाकून द्यावे. ताजे पाणी घालून ती कुकरमध्ये तीन ते चार शिट्ट्या देऊन मऊ शिजवावी. दुसऱ्या पातेल्यात तेलावर कांदा, लसूण व गाजर परतून बारीक चिरलेला टोमॅटो गळेपर्यंत शिजवावा. नंतर त्यात चवळी तिच्या पाण्यासह मिसळावी. टोमॅटो आधीच घातल्यास त्यातील आम्लामुळे कडधान्य शिजायला वेळ लागतो. म्हणून हा क्रम पाळावा.

एक तृतीयांश चवळी पळीने चेचावी, म्हणजे सूपाला आपोआप दाटपणा येतो. मलई किंवा कॉर्नफ्लोअरची गरज उरत नाही. एकूण द्रव सव्वा लिटर होईल इतके गरम पाणी घालून उकळी आणावी व पास्ता आठ ते दहा मिनिटे शिजवावा. शेवटच्या तीन मिनिटांत पाला घालावा आणि उतरवल्यावर लिंबू पिळावे. चवळी भिजलेली असल्यास हे सर्व पाऊण तासाच्या आत होते. एका वाटणीतून सुमारे ११ ग्रॅम प्रथिने मिळतात.

दक्षता

राजमा वापरायचा झाल्यास तो रात्रभर भिजवून कुकरमध्ये पूर्ण शिजवावा. अर्धकच्च्या राजम्यातील लेक्टिनमुळे उलट्या व जुलाब होऊ शकतात. या भागात धानानंतर उतेरा पद्धतीने लाखोडी मोठ्या प्रमाणावर घेतली जाते. तथापि, दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून तिचे सेवन केल्यास पायांचा लुळेपणा उद्भवण्याचा धोका असल्याने या सूपासाठी चवळी किंवा हरभराच निवडावा. सूप साठवायचे असल्यास पास्ता वेगळा उकडून आयत्या वेळी मिसळावा, अन्यथा तो सर्व रस शोषून घेतो.

शेतातून पातेल्यात

चांगला पास्ता ड्युरम, म्हणजेच बन्सी गव्हाच्या रव्यापासून बनतो. खरेदी करताना वेष्टनावरील घटकांत मैदा आहे की ड्युरम रवा, हे पाहावे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘एमएसीएस ४०२८’ या ड्युरम वाणात सुमारे १४.७ टक्के प्रथिने आढळतात. दुर्ग जिल्ह्याचा धमधा परिसर टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे; आवक वाढताच भाव कोसळून उत्पादकांचे नुकसान होते. अशा काळात टोमॅटोचा गर शिजवून साठवणे आणि त्यासोबत चवळी व पास्ता यांचे ‘तयार सूप संच’ विक्रीस ठेवणे हा महिला बचत गटांसाठी विचारात घेण्याजोगा उपक्रम आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी पोषण प्रात्यक्षिकात वरणफळे आणि हे सूप शेजारी शेजारी शिजवून दाखवावे. ओळखीच्या चवीचा आधार मिळाला की नवा पदार्थ घरात लवकर रुजतो आणि बांधावरच्या चवळीलाही ताटात तिचे हक्काचे स्थान मिळते.