डॉक्टर, किती वर्षं?

जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीसारख्या गावात पन्नाशीतला कर्ता माणूस हळूहळू बदलू लागतो. मोसंबीचा सौदा तोट्यात करून हसत घरी येतो. सख्ख्या भावाच्या मयतीत त्याच्या डोळ्यांत टिपूस नसतं. गोड दिसलं की हावऱ्यासारखं खातो. घरातले म्हणतात, ‘बाहेरचं काहीतरी झालंय.’ कुणी दारूवर संशय घेतं. स्मृतिभ्रंशाचा विचार मनात येत नाही, कारण त्याला सगळं आठवत असतं.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया असाच येतो, बहुधा 45 ते 65 या वयात. मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजतो. तिथं माणसाचा संयम, माया आणि भाषा सांभाळली जाते. प्रागच्या अर्नोल्ड पिक यांनी असा रुग्ण 1892 मध्ये नोंदवला होता. हॉलिवूडचा अभिनेता ब्रूस विलिस याची आधी, 2022 मध्ये, वाचा गेल्याचं कळलं. आजाराचं हे नाव फेब्रुवारी 2023 मध्ये जाहीर झालं.

नाव कळलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती वर्षं?’

उत्तर प्रकारावर ठरतं. स्वभाव बदलणाऱ्या प्रकारात पहिल्या लक्षणापासून सरासरी आठेक वर्षं. शब्दांचे अर्थच हरवतात त्या प्रकारात बाराच्या आसपास. सोबत स्नायू लुळे पाडणारा मोटर न्यूरॉनचा आजार असेल, तर जेमतेम अडीच. या सरासऱ्या आहेत. कुणी त्याच्या दुप्पटही जगतं. पण मोजणी पहिल्या लक्षणापासून होते, हे ध्यानात ठेवायला हवं. निदानाला बऱ्याचदा तीन-चार वर्षं लागतात, म्हणजे नाव कळेपर्यंत त्यातली बरीच सरलेली असतात. अंगाऱ्या-धुपाऱ्यात गेलेली वर्षं परत येत नाहीत, आणि तोवर जमीन-व्यवहारांवर रुग्णाच्या सह्याही होऊन गेलेल्या असतात.

झीज थांबवणारं औषध अजून नाही. अल्झायमरच्या नेहमीच्या गोळ्या इथं लागू पडत नाहीत, उलट काहींची चिडचिड वाढते.

शेवट बहुतेकदा न्यूमोनियानं होतो. गिळणं बिघडतं, घास श्वासनलिकेत जातो. जेवताना ठसका लागू लागला की खरी काळजी तिथून घ्यायची. माणसाला ताठ बसवावं, भाकरी वरणात कुस्करून लहान घासांनी भरवावी आणि तोंडातला घास उतरल्याशिवाय पुढचा देऊ नये.

पन्नाशीत माणूस असा अनोळखी वागू लागला, तर त्याला जालन्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात दाखवा आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा. काय करावं सुचत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.