लसूण खरंच जंतू मारतो का?

लसणाची एक अख्खी पाकळी नाकाशी धर बरं! वास येतो? जेमतेम! आता तीच पाकळी खलबत्त्यात ठेच. बाप रे! पार बाहेरच्या खोलीपर्यंत घमघमाट!

हा वास आधी कुठे दडला होता? सांगू? तो तिथे नव्हताच!

लसणाच्या पाकळीत दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. एक ॲलीन, दुसरा ॲलीनेज. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत तिसराच पदार्थ तयार होतो. त्याचं नाव ॲलिसिन! लसूण कुरतडायला आलेल्या किड्याला पळवायची ही लसणाची युक्ती. शिवाय ॲलिसिन जंतूंनाही मारतं!

"कशावरून?" असं विचारलंस ना? शाब्बास! शास्त्रज्ञही हेच विचारतात.

मग ते झाकणाची एक चपटी ताटली घेतात. ही पेट्री डिश. तिच्यात जंतूंचा खाऊ घातलेलं गरम अगर ओततात. अगर समुद्री शेवाळापासून मिळतं आणि गार झालं की थुलथुलीत घट्ट होतं. ते वापरायची कल्पना कुणाची, ओळख! जर्मनीतल्या फॅनी हेस यांची. नवऱ्याच्या प्रयोगांत अगरच्या जागी जिलेटिन असायचं, पण ते उन्हाळ्यात वितळून जायचं. फॅनीबाई घरी जेली करायला अगर वापरत. १८८१ मध्ये त्यांनी तेच सुचवलं. स्वयंपाकघरातली वस्तू थेट प्रयोगशाळेत!

आता अगरवर जंतू पसरायचे. लसणाच्या रसात बुडवलेली ६ मिलिमीटरची इवलीशी कागदी चकती मधे ठेवायची. ताटली रात्रभर ३७ अंशांच्या उबेत ठेवायची. आपल्या अंगात असते ना, तेवढीच ऊब!

सकाळी बघावं तर ताटलीभर जंतूंचा धुरकट थर. पण चकतीभोवती? स्वच्छ, गोल, मोकळी जागा! तिथे जंतू वाढलेच नाहीत! ते वर्तुळ चक्क पट्टीने मोजतात.

थांब, मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तर पुढेच आहे. पुष्कळ वनस्पतींचा अर्क अल्कोहोलमध्ये काढतात. आणि अल्कोहोल स्वतःच जंतू मारतं! मग वर्तुळ पाडलं कुणी? पानाने की अल्कोहोलने? शाळेत उंची मोजताना बूट काढायला लावतात, कारण बुटाची उंची तुझी नव्हे. तसंच इथे! म्हणून नुसत्या अल्कोहोलची चकती सुकवून शेजारी ठेवतात. तिच्याभोवती वर्तुळ पडलं नाही, तरच पानाला शाबासकी!

पण ताटली म्हणजे काही आपलं शरीर नव्हे हं! लसूण नुसता शिजवला तरी ॲलीनेज निकामी होतं, मग ॲलिसिन बनणार कसं? त्यामुळे ताटलीत जिंकलेल्या वनस्पतीला औषध व्हायला अजून कितीतरी परीक्षा द्याव्या लागतात.

काही वनस्पतींची परीक्षा तर वेगळीच! आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात. गुळवेल या पेशींना मदत करते का? मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा कसून अभ्यास केला.

अशा चाचणीत पांढऱ्या पेशींपुढे यीस्टचे कण ठेवतात. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजायचं, एकेका पेशीने किती गिळले? दोन? पाच? आणि शेजारच्या काचपट्टीवर कोण असतं सांग! गुळवेल मुळीच न दिलेल्या पेशी!