काचेचे कुसळ

रस्त्याच्या कामात जेसीबीने जमिनीखालची केबल तोडली, की त्या केबलवरच्या गावांचे इंटरनेट बंद पडते. ग्रामपंचायतीत दाखले अडतात. आरोग्य उपकेंद्रातून ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा असेल, तर तोही खोळंबतो. मग पाठीवर पेटी घेऊन एक तरुण येतो, झाडाच्या सावलीत बसतो आणि तुटलेले तंतू सांधतो. बीड जिल्ह्यात हे दृश्य आता नवे नाही. 2011 मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ नाव मिळालेल्या योजनेने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत अशी केबल नेण्याचे ठरवले. केबल लवकर जोडली जावी, असे सर्वांनाच वाटते. जोडणाऱ्याच्या बोटांचा आणि डोळ्यांचा विचार मात्र क्वचितच होतो.

या केबलमध्ये तांबे नसते, काच असते. एका तंतूची जाडी 125 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. केबल ऑफिसात पोहोचली, की तिच्या टोकाला ‘पिगटेल’ जोडतात. पिगटेल म्हणजे एका बाजूला कारखान्यात बसवलेला कनेक्टर आणि दुसऱ्या बाजूला मोकळा तंतू असलेली छोटी वायर. मोकळ्या टोकावरचे आवरण सोलायचे, तंतू अल्कोहोलने पुसायचा, क्लीव्हरने सरळ कापायचा आणि मशीनमधल्या विजेच्या ठिणगीने दोन्ही टोके वितळवून एकजीव करायची, असे हे काम चालते.

खरा धोका कापताना उरणाऱ्या तुकड्यांचा आहे. प्रत्येक सांध्याला दोन तुकडे पडतात. 24 तंतूंची केबल सांधली, की 48 झाले. माळावरून चालताना कपड्यांत कुसळ रुतते, ते निदान दिसते आणि ओढून काढता येते. काचेचे हे कुसळ पारदर्शक असते, सहज मोडते आणि शरीरात विरघळत नाही. बोटात राहिले, तर ती जागा ठणकते, कधी गाठ होते, कधी पू होतो. इतका बारीक तुकडा एक्स-रेमध्ये दिसेलच, असे नाही. त्याच हाताने डोळा चोळला, तर बुबुळावर ओरखडा उठतो. तिथेच बसून भाकरी खाल्ली, तर तुकडा पोटातही जाऊ शकतो.

दुसरा धोका प्रकाशाचा. तंतूतून जाणारा लेसर बहुधा 1310 किंवा 1550 नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. 1310 नॅनोमीटरचा प्रकाश थेट दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो आणि दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. घरगुती जोडणीत त्याची ताकद कमी असते, पण मुख्य लाइनवर ती जास्त असू शकते. भिंगातून पाहिल्यास धोका आणखी वाढतो. ‘उजेड दिसत नाही, म्हणजे लाइन बंद आहे’ हा समज म्हणूनच घातक आहे. लाइन चालू आहे की बंद, हे पॉवर मीटरने तपासावे. टोक डोळ्यासमोर धरून पाहू नये.

तुकडा बोटात गेला, तर दाबू किंवा चोळू नये. चांगल्या उजेडात भिंगाखाली स्वच्छ चिमट्याने तो ज्या दिशेने शिरला, त्याच रेषेत ओढावा. जागा साबण-पाण्याने धुवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते, हे डॉक्टरांना सांगावे. डोळ्यात गेला, तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. तरीही टोचत असेल, तर स्वतः काहीही काढायला न जाता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मेडिकलमधून आणलेले कोणतेही थेंब घालू नयेत.

हे सारे टाळणे मात्र सोपे आहे. बाजूंनी बंद असलेला चष्मा घालावा. काळ्या कापडावर किंवा मॅटवर काम करावे, म्हणजे तुकडा दिसतो. खाली पडलेले तुकडे चिकटपट्टीने उचलावेत. दवाखान्यात सुया टाकायला जसा वेगळा डबा असतो, तसाच झाकणाचा डबा काचेसाठी ठेवावा. काम संपल्यावर हात धुऊन मगच डबा उघडावा, चहा घ्यावा, डोळ्यांना हात लावावा.

चष्मा, मॅट आणि डबा यांची किंमत स्प्लायसिंग मशीनच्या तुलनेत नगण्य आहे. कंत्राटदाराने मशीनसोबत या तीन वस्तूही दिल्या पाहिजेत आणि मिळाल्या नाहीत, तर कामावरच्या मुलांनी त्या मागून घेतल्या पाहिजेत. तुटलेली केबल पुन्हा सांधता येते. डोळ्याचे तसे नाही.