गर्भावस्थेतील यकृतविकारांवरील औषधोपचार

गर्भावस्थेतील यकृतविकारांवरील औषधोपचार म्हणजे गरोदर स्त्रीच्या यकृताच्या आजारावर आई आणि गर्भ या दोघांचा विचार करून केलेली औषधयोजना होय. गर्भारपणामुळेच उद्भवणारे विकार, त्या काळात योगायोगाने होणारे संसर्ग आणि आधीपासून असलेले जुने यकृतरोग असे या विकारांचे तीन गट पडतात. प्रत्येक गटाची उपचारनीती वेगळी असते. कावीळ हे यांपैकी अनेकांचे लक्षण आहे, तो स्वतंत्र रोग नव्हे. त्यामुळे "काविळीचे औषध" असे एकच औषध संभवत नाही.

रक्ततपासणीचा अर्थ लावतानाही सावधगिरी लागते. वारेतून स्रवणाऱ्या विकरामुळे अल्कलाइन फॉस्फेटेजचे प्रमाण गर्भारपणात वाढते आणि रक्तातील द्रवभाग वाढल्याने अल्ब्युमिन कमी दिसते. हे दोन्ही बदल स्वाभाविक आहेत. बिलिरुबिन किंवा एएलटी वाढणे मात्र स्वाभाविक नाही, त्याचे कारण शोधावे लागते.

== विषाणुजन्य कावीळ ==

भारतात गरोदर स्त्रियांच्या दृष्टीने सर्वांत घातक ठरलेला विषाणू हिपॅटायटिस ई होय. तो दूषित पाण्यातून पसरतो. १९५५–५६ मधील दिल्लीची साथ मैलामिश्रित पाण्यामुळे आली होती आणि ती याच विषाणूची असल्याचे पुढे स्पष्ट झाले. महाराष्ट्रात २०१२ साली इचलकरंजीत याची मोठी साथ आली. या विषाणूविषयीचे महत्त्वाचे संशोधन पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले.

इतर प्रौढांत हा आजार बहुधा आपोआप बरा होतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत मात्र यकृत अचानक निकामी होण्याचा धोका असतो आणि काही साथींत अशा रुग्णांतील मृत्युदर २० टक्क्यांच्या आसपास नोंदला गेला आहे. या विषाणूविरुद्ध इतरत्र उपयोगी पडणारे रिबाव्हिरिन गर्भात व्यंग निर्माण करू शकते, म्हणून ते निषिद्ध आहे. उरतात ते आधारभूत उपचार: रक्तातील साखर व क्षार सांभाळणे, रक्तस्राव होत असल्यास जीवनसत्त्व के व रक्तघटक देणे आणि मेंदूवरील परिणामांकडे लक्ष ठेवणे. चीनमध्ये २०११ साली या रोगावरील लशीला मान्यता मिळाली. भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती नाही.

औषधाचा मार्ग असा अरुंद असल्याने पाण्याला महत्त्व येते. मुंबईच्या मुलुंड उपनगराला लागूनच भांडुपचे मोठे जलशुद्धीकरण संकुल आहे. पण संकुलातून शुद्ध होऊन निघालेले पाणी नळापर्यंत शुद्धच पोहोचेल असे नाही. ठरावीक वेळीच पाणी सोडले जाते तेथे पुरवठा बंद असताना नळवाहिनीतील दाब उतरतो आणि गळक्या जोडांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत खेचले जाऊ शकते. त्यामुळे गरोदर स्त्रीसाठी पाणी उकळणे हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय ठरतो.

हिपॅटायटिस बीची गोष्ट वेगळी आहे, कारण येथे औषध खरोखर काम करते. मातेच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण दर मिलिलिटरला २ लाख एककांपेक्षा अधिक असल्यास साधारणतः २८व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर देतात. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस आणि शक्यतो १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन दिले जाते. अशा मातेने स्तनपान करण्यास हरकत नसते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात या रोगाचे निदान व उपचार समाविष्ट आहेत.

== गर्भारपणामुळे होणारे विकार ==

पित्तस्तंभात तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, असह्य खाज सुटते आणि रक्तातील पित्ताम्ले वाढतात. यावर अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल वर्षानुवर्षे वापरले जाते. मात्र २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, ६०५ स्त्रियांचा समावेश असलेल्या एका ब्रिटिश चाचणीत या औषधाने बाळावरील दुष्परिणाम कमी झाल्याचे आढळले नाही आणि खाजही थोडीच कमी झाली. पित्ताम्ले १०० मायक्रोमोल प्रतिलिटरच्या वर गेल्यास गर्भमृत्यूचा धोका वाढतो. अशा वेळी गोळ्यांपेक्षा प्रसूतीची वेळ ठरवणे महत्त्वाचे असते.

हेल्प लक्षणसमूहाला १९८२ साली लुई वाइनस्टाइन यांनी नाव दिले. त्यात तांबड्या पेशी फुटतात, यकृतातील विकरे वाढतात आणि बिंबाणू घटतात. रक्तदाबासाठी लॅबेटालॉल किंवा निफेडिपिन आणि झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. मॅग्नेशियम देताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वसन व लघवीचे प्रमाण तपासत राहावे लागते. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवतात. तीव्र मेदयुक्त यकृतावर तर औषधच नाही. रुग्णाची प्रकृती सावरून त्वरित प्रसूती करणे हाच उपचार होय.

== जुने यकृतरोग आणि टाळावयाची औषधे ==

गर्भ राहिल्याचे कळताच भीतीने सर्व गोळ्या बंद करणे ही वारंवार घडणारी चूक आहे. विल्सनच्या रोगात तांबे कमी करणारे औषध थांबवल्यास यकृत निकामी होऊ शकते, म्हणून मात्रा कमी-जास्त करून ते चालूच ठेवतात. स्वयंप्रतिकारजन्य यकृतदाहात प्रेडनिसोलोन व अझाथायोप्रिन चालू ठेवता येतात, मायकोफेनोलेट मात्र गर्भधारणेपूर्वीच बदलावे लागते.

महाराष्ट्रात काविळीवर माळ घालण्याची आणि झाडपाल्याचे औषध देण्याची प्रथा आहे. माळेने प्रत्यक्ष अपाय होत नाही, पण तपासणीला उशीर होतो. झाडपाल्याबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला होता. "लिव्हर टॉनिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांचा वरीलपैकी कोणत्याही विकाराच्या प्रमाणित उपचारांत समावेश नाही.