चांदबिबीचे चित्र आणि आंदणात गेलेला सोलापूरचा किल्ला

घोड्यावर बसलेली तरुण स्त्री, हातावर ससाणा, सोबत सेवक आणि मागे मोकळा मुलूख. दख्खनी चित्रकलेत हा विषय पुष्कळ रंगवला गेला आणि घोड्यावरची ती स्त्री म्हणजे चांदबिबी, असे परंपरा सांगते. अशा चित्रांपैकी एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. कागदावर जलरंग, सोने आणि चांदी वापरून केलेल्या या चित्राचा काळ साधारण 1700 असा दिला जातो.

या सालाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. चांदबिबी 1600 मध्ये मारली गेली. तिच्या माहेरची अहमदनगरची निजामशाही 1636 मध्ये संपली, सासरची विजापूरची आदिलशाही 1686 मध्ये. म्हणजे हे चित्र काढले गेले तेव्हा ती स्वतः नव्हती आणि तिच्या दोन्ही घराण्यांची तख्तेही उरली नव्हती. चित्रकाराने तिला पाहिलेले असणे शक्य नाही. चित्रातला चेहरा तिचा नव्हे. राजघराण्यातली तरुणी कशी दिसावी, याविषयीच्या त्या काळच्या कल्पनेचा तो चेहरा आहे. जुन्या चित्रशाळांत एकदा बेतलेली आकृती चरब्यावरून, म्हणजे जपून ठेवलेल्या नकलेवरून, पुन्हा उतरवून घेत, त्यामुळे तीच बैठक आणि तोच ससाणा वेगवेगळ्या हातांनी रंगवलेला सापडतो.

घोडा आणि ससाणा मात्र नुसत्या सजावटीसाठी आलेले नाहीत. ससाण्याची शिकार हा राजेलोकांचा छंद होता आणि सुलतानांच्या तसबिरींतही ससाणा असतो. स्त्रीच्या हातावर तो दाखवला की सत्ता तिच्याकडे होती, हे वेगळे लिहावे लागत नाही.

चित्रातली स्त्री तरुण आहे. चांदबिबीचे तारुण्य सोलापूरशी बांधलेले आहे. सोलापूरच्या किल्ल्यावरून विजापूर आणि अहमदनगर यांच्यात चाळीस वर्षे तेढ होती. 1524 मध्ये इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचे बुऱ्हाण निजामशहाशी सोलापुरात लग्न झाले. आंदणात किल्ला द्यायचे ठरले होते, पण विजापूरने तो दिला नाही. त्यावरून लढाया झाल्या आणि पुढे किल्ला निजामशाहीने जिंकून घेतला. विजयनगरविरुद्ध एकत्र येण्याची वेळ आली तेव्हा 1564 च्या सुमारास हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि सोबत सोलापूरचा किल्ला आंदण दिला. अलीची बहीण अहमदनगरला सून म्हणून गेली. जानेवारी 1565 मध्ये विजयनगरशी तालिकोटची लढाई झाली. नवरी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असावी. या सौद्यात तिचे मत कोणी विचारले असेल, असे वाटत नाही.

तिची कीर्ती मात्र या वयातली नाही. 1580 मध्ये अलीचा खून झाल्यावर नऊ वर्षांच्या नव्या सुलतानाची, इब्राहिमची, पालक म्हणून तिने विजापूर सांभाळले. पुढे ती माहेरी परतली. 1595-96 च्या हिवाळ्यात शहजादा मुरादच्या मोगल फौजेने अहमदनगरला वेढा घातला, तेव्हा सुरुंगाने पडलेल्या खिंडाराशी ती बुरखा आणि चिलखत घालून, हाती तलवार घेऊन उभी राहिल्याचे इतिहासकार फेरिश्ता लिहितो. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला. त्या वेळी तिचे वय पंचेचाळिशीच्या आसपास होते. पुढच्या वेढ्यात, ती मोगलांना फितूर झाल्याच्या अफवेवरून तिच्याच लोकांनी तिला ठार केले. चित्रकारांनी कीर्ती घेतली प्रौढ वयातली आणि रूप दिले सोलापूर घेऊन सासरी गेलेल्या मुलीचे.

समकालीन चित्र पाहायचे तर तिच्या आईकडे जावे लागते. ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ ही हुसेन निजामशहाची स्तुती करणारी आफताबी या कवीची फारसी पोथी 1565 ते 1569 च्या दरम्यान तयार झाली. तिची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तीत चांदबिबीची आई, राणी खुंजा हुमायून, राजाशेजारी बसलेली रंगवली होती. सुलतानाच्या बरोबरीने राणी दाखवण्याची रीत तेव्हा दुर्मीळच. पतीच्या मृत्यूनंतर तिने मुलाच्या नावाने कारभार पाहिला आणि 1569 मध्ये त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. बहुतेक चित्रांतली तिची आकृती पुसलेली किंवा रंगाखाली दडपलेली आहे. ते त्या कैदेनंतर झाले असावे, असे अभ्यासक मानतात.

लेकीची चित्रे तिच्या पश्चात शंभर वर्षांनी काल्पनिक चेहऱ्याने निघत राहिली. आईचे तिच्या हयातीत काढलेले चित्र घरच्यांनीच पुसले असावे. इतिहासाचे साधन म्हणून या दोन्हींत पुसलेल्या चित्राचे मोल अधिक आहे. आंदणात गेलेला किल्ला सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या काठी आजही उभा आहे.