श्वास आणि चिंतन : अशांत मनासाठी प्रार्थनेची वाट

हातात रोझरी, ओठांवर ‘नमो मरिया’ आणि मनात मात्र घरातील आजारपण, कर्जाचा हप्ता, मुलांचे शिक्षण! असा अनुभव अनेकांना येतो. आपली श्रद्धाच उणी पडते असे मानून काहीजण प्रार्थना करणेच सोडून देतात. वस्तुतः मनाची स्वाभाविक चंचलता हे पाप नव्हे. ख्रिस्ती परंपरेत त्यावर फार पूर्वीपासून उपाय सांगितलेले आहेत.

संत इग्नेशियस लोयोला (1491-1556) यांनी 1522-23 या काळात स्पेनमधील मानरेसा येथे घेतलेल्या अनुभवांतून ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ आकारास आला. 1548 साली पोप तिसरे पॉल यांनी त्यास मान्यता दिली. त्यात श्वासाच्या लयीवर प्रार्थना करण्याची रीत आहे. प्रत्येक श्वासाबरोबर ‘प्रभूच्या प्रार्थने’तील एकच शब्द मनात उच्चारावा आणि पुढील श्वासापर्यंत त्या शब्दाच्या अर्थाकडे, किंवा ज्याच्याशी आपण बोलत आहोत त्याच्याकडे लक्ष द्यावे.

दुसरी रीत कल्पनाचित्राची. ख्रिस्तजन्माच्या चिंतनात इग्नेशियस साधकाला नासरेथहून बेथलेहेमला जाणारी वाट पाहावयास सांगतात. ती किती लांब, किती रुंद, सपाट की डोंगरदऱ्यांतून जाणारी? साधकाने स्वतः दीन सेवक होऊन त्या प्रसंगी हजर राहावे, अशी त्यांची सूचना आहे.

आपणही हे करून पाहू शकतो :

1. पाठ ताठ ठेवून, परंतु अंग सैल सोडून दहा-पंधरा मिनिटे शांत बसावे. श्वास सावकाश घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते व शरीरावरील ताण हलका होतो.
2. मार्क 4:35-41 हा उतारा वाचावा व डोळे मिटावेत. गालील सरोवरातील वादळ, नावेत शिरणारे पाणी आणि नावेच्या मागील भागात निजलेले प्रभू येशू डोळ्यांसमोर आणावेत.
3. आपणही त्या नावेत आहोत असे समजून, आपले भय प्रभूला आपल्याच शब्दांत सांगावे.
4. मन भरकटल्यास स्वतःवर न चिडता पुन्हा श्वासाकडे यावे. ‘प्रभूच्या प्रार्थने’ने समारोप करावा.

येथे एक विवेक आवश्यक आहे. श्रद्धासिद्धांत मंडळाने 1989 साली ख्रिस्ती ध्यानाविषयी पाठविलेल्या पत्रात, शरीराला लाभणाऱ्या सुखद शांततेलाच पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये, असा इशारा दिला आहे. श्वास हे साधन आहे. साध्य आहे प्रभूची भेट. तसेच झोप उडविणारी चिंता किंवा नैराश्य दीर्घकाळ टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. त्यात श्रद्धेची उणीव नाही.

वादळ लगेच शमेलच असे नाही. परंतु नावेत आपण एकटे नाही, ही जाणीव ज्याच्या अंतःकरणात रुजली, त्याची प्रार्थना वाया गेली नाही.