निपाणीचा छेद संच

शाळेत छेद संच शिकवताना हमखास सम संख्या आणि मूळ संख्यांचं उदाहरण देतात. त्यांचा छेद म्हणजे बिचारा एकटा 2. आमच्या निपाणीत छेद असा किरकोळ नसतो. इथे भाव मराठीत विचारतात, उत्तर कन्नडमध्ये येतं आणि घासाघीस दोन्हींत होते.

समजा, एका गल्लीत 40 माणसं आहेत. मराठी येणारी 32, कन्नड येणारी 25. बेरीज 57! दोन्ही येणारे 17 जण दोनदा मोजले गेले. ते एकदा वजा केले की संयोग संच बरोबर 40 चा. (डेटाबेसमध्ये दोन याद्या जोडताना आम्ही रोज हेच करतो. नाहीतर एकाच घरी दोन निमंत्रणं जातात.)

आता जनगणना घ्या. मातृभाषेच्या रकान्यात एकच भाषा लिहिता येते. म्हणजे प्रत्येक माणूस एकाच संचात, आणि छेद रिक्त! अवगत असलेल्या इतर भाषांसाठी वेगळा रकाना आहे, पण सीमेच्या वादात आकडे फेकले जातात ते मातृभाषेचे. 1956 साली निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. महाराष्ट्राने 814 गावं मागितली. महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात त्यातली अडीचशेहून जास्त गावं महाराष्ट्राला द्यावीत असं सुचवलं. निपाणी त्या उपसंचात होती. प्रत्यक्षात काही हललं नाही. गाव एकाच राज्यात असू शकतं, हे मान्य. पण गल्लीतल्या त्या 17 जणांना मातृभाषेच्या तक्त्यात दोन्हीकडे जागा नाही, हे मला खटकतं.

पूरक संचाचे नियम ज्याच्या नावाने ओळखले जातात तो ऑगस्टस डी मॉर्गन 1806 मध्ये आपल्या मदुराईत जन्मला. तो म्हणतो, छेदाचा पूरक म्हणजे पूरकांचा संयोग, आणि संयोगाचा पूरक म्हणजे पूरकांचा छेद. पाठ करायला रुक्ष वाटतं. पण मराठीत म्हणून बघा, "त्याला दोन्ही भाषा येत नाहीत." म्हणजे एकच येते, की एकही येत नाही? वाक्य एकच, अर्थ दोन. आमच्या गल्लीत पहिल्या अर्थाने अशी माणसं 23 आहेत, दुसऱ्या अर्थाने शून्य.